उपमा नको

उणे ऐंशीचा फ्रीजर आज रिकामा करायचा आहे.
सव्वीस वर्षांचे उंदरांचे मेंदू,
पावट्याच्या दाण्याएवढे,
डबीवर तारीख, नंबर
आणि माझे दरवर्षी थोडे तिरके होत गेलेले अक्षर.
सातेरी बर्फ खरवडतो. म्हणतो,
मॅडम, हे सगळं जाळायचं म्हणजे...
आणि वाक्य कन्नडमध्ये सोडून देतो: एन माडूद्री.

सूज, लाली, ताप, ठणका.
दाहाच्या चार खुणा पहिल्या वर्षाला पाठ केल्या होत्या.
मेंदूत एकही नीट दिसत नाही.
त्याला ठणका कळत नाही,
कवटीत सुजायला जागा नाही.
कळते ते एवढेच, की माणूस
जेवून उठल्यावर पुन्हा ताटावर येऊन बसतो.

हंपिहोळी सर म्हणायचे, उपमा नको. मोजा.
म्हणून मोजले.
काचेवर चौकट, चौकटीत तपकिरी पेशी,
अंगठ्याखाली मोजयंत्राची टिकटिक,
नेहरूनगरात लाइट गेली की
जनरेटर लागेपर्यंत डोळे मिटून तोच आकडा जपायचा.
शांत असताना ही पेशी फांद्या पसरून असते
(इथे मी बाभूळ लिहिली होती, सरांनी खोडली).
दाह चढला की फांद्या आखडते, गोल होते, खात सुटते.
आधी जंतू. मग मेलेले.
मग जिवंत सांधे, एकाला दुसरा आठवून देणारे.
चौकटीमागे चौदा. एकवीस. एकोणतीस.

एकदा अँटिबॉडीचे पार्सल कोगनोळीला अडकले.
गाड्या बंद होत्या, नेहमीच्या कारणाने.
सातेरी लुना घेऊन गेला, रात्री परतला,
थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन पायरीवर बसला.
आत कोमट पाणी.
चार महिने गेले.
मग एक वार्ताहर आला. म्हणाला,
मॅडम, मेंदूतपण सीमाप्रश्न असतो म्हणे?
मी हसून म्हटले, हो, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये
एक पापुद्रा असतो, दाहात तो गळू लागतो.
त्याने मथळा केला.
सर दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांचे बरोबर होते.
आप्पा रामलिंगखिंड गल्लीत पाट्या रंगवायचे,
वर कन्नड, खाली मराठी, कुंचला एकच,
धुवायला रॉकेलचा डबा एकच.
कुणी डांबर फासले की पुन्हा तेवढ्याच पैशांत.
मी अकरावीत असताना त्यांच्या डोक्यात ताप गेला.
बावीस दिवस सिव्हिलमध्ये.
घरी आले, कुंचला धरला,
दोन्ही लिप्या शाबूत, वेलांटीसुद्धा जागच्या जागी.
गेली होती फक्त आई.
तिला बघून ते उठायचे, खुर्ची पुढे करायचे:
बसा की. चहा घेणार?
कुठल्या पेशीने कुठला सांधा खाल्ला
हे कुठल्याच नकाशावर नव्हते.

आई पहिली दोन वर्षे रडली.
मग म्हणू लागली, बसते. अर्धाच द्या.
स्वतःच केलेला चहा
पाहुण्यासारखा दोन घोटांत संपवायची
आणि आत जाऊन कप विसळायची.
असे सतरा वर्षे.

माझे काम विचाराल तर
एक रेणू, ज्याने ती पेशी जरा उशिरा गोल होते.
पाण्यात बुडालेला ओटा
आजारी उंदराला नऊ दिवस जास्त आठवला.
नऊ. तीनदा करून पाहिले.
शोधनिबंध दोन जागी परत आला, तिसरीकडे छापला.
सरांना नेऊन दिला तेव्हा ते
शहापूरच्या घरी खाटेवर होते,
तक्ता बोटाने वाचला, म्हणाले, बरं मोजलंय.
आईला सांगितले असते तर तिने विचारले असते,
कोणते नऊ?

सातेरी दारात उभा आहे, रजिस्टर उघडून.
रकान्यात काय लिहू म्हणतो.
मी म्हणते, नग लिही. सहाशे बारा.
तो लिहितो, मग थांबतो,
परत मोजू का एकदा?
मोज.